तिचे कागद मी अख्खे दिले

माझी बायको कुंकवासकट गेली, हे आमच्यात मोठ्या मानाने सांगतात. दारी आलेल्या बायका तिच्या पायांना हात लावून, कुंकू घेऊन गेल्या. मला मात्र तेव्हा एवढंच दिसत होतं की उद्या सकाळी कॉफी मलाच करायची आहे, आणि मला फिल्टरमधलं डिकॉक्शन जमत नाही. अजूनही जमत नाही.

मी पाचवी शिकलेला माणूस, तीही तमिळ शाळेत. ही मराठी अक्षरं लग्नानंतर तिनेच शिकवली. आम्ही तंजावरकडचे, घरात मराठी बोलायचो, पण लिहायला कुणाला येत होतं? तिला येत होतं. चुका झाल्या तर ती ओरडायची. आता चुकलं तर ओरडायला कुणी नाही, म्हणून लिहितोय असं समजा.

चेन्नईत, बंदराजवळच्या जॉर्ज टाउनात एका जहाज एजंटाच्या ऑफिसात मी शिपाई होतो. शेवटची अठरा वर्षं माझं एकच काम होतं, कागद कापायचं मशीन चालवायचं. खलाशांच्या पासपोर्टच्या प्रती, सह्या, पत्ते, सगळं माझ्याकडे यायचं. पिना नखाने काढायच्या, चार-चार कागद आत सरकवायचे, खाली शेवया पडायच्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथून कुणाचं नाव अख्खं बाहेर जाता कामा नये." मी पोत्यात हात घालून बघायचो. एखादी पट्टी रुंद राहिली, तिच्यावर नाव वाचता आलं, की परत आत. त्याचा मला माज होता. घरी येऊन बायकोला सांगायचो, साहेब सही करतो, पण शेवटचा हात माझा. ती म्हणायची, "हो हो, बंदरच तुमच्या जिवावर चाललंय."

आता घर एग्मोरला, रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत. घरासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. चाळिशीची बाई एकटी चालवते. एक मशीन, एक कॉम्प्युटर. मुलांचे शाळा-कॉलेजचे फॉर्मसुद्धा भरून देते. बायको दवाखान्यात होती तेव्हा प्रत्येक खिडकीवर तिच्या आधारकार्डाची प्रत मागायचे, म्हणून मी एकदम दहा-दहा काढून घ्यायचो.

ती बाई मला तमिळ रीतीने मानाने अय्या म्हणायची. दर वेळी सांगायची, "अय्या, याच्यावर आडवं लिहा. कुठे दिलं, कशासाठी दिलं. तारीख पण घाला."

"अठरा वर्षं कागद कापलेत मी. मला शिकवू नकोस."

"कापलेत हो. लिहिलेत कुठे?"

एखादी प्रत काळी आली, वाकडी आली, तर ती माझ्यासमोर फाडायची आणि तुकडे माझ्याच हातात द्यायची. आपल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. बायकोचं तिच्यावर प्रेम होतं. पापड केले की पहिला डबा समोर जायचा.

तेराव्यानंतर दवाखान्याच्या कागदांची पिशवी उरली. लग्नात मिळते तसली पिवळी कापडी पिशवी. आमच्यात एक रीत आहे. मरणाचं पत्र आलं तर ते उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथेच फाडायचं, टाकून द्यायचं. घरात न्यायचं नाही, ठेवायचं तर नाहीच. त्याच न्यायाने ही पिशवीही घरात राहायला नको होती.

माझी मुलगी शहराबाहेर आवडी गावाला राहते, तिथल्याच एका शाळेत क्लार्क आहे. ती म्हणाली, "अप्पा, पिशवी मला द्या. आमच्या ऑफिसात मशीन आहे. नेऊन कापते."

"कागद कसे कापायचे ते तू मला सांगणार?"

"बरं बाबा, तुम्हीच करा. पण नीट करा."

ती गाडीला गेली आणि मी जमिनीवर बसलो. बिलं फाडली, रक्ताचे रिपोर्ट फाडले. हाताने, बारीक बारीक. तळाशी आधारच्या सात प्रती राहिल्या. वर तिचा चेहरा. झेरॉक्समध्ये कुंकू काळं आलं होतं. मी कागद मधोमध धरला आणि बघितलं, फाडला तर फाट कपाळावरून जाईल. कुंकवासकट गेलेल्या बाईची आमच्यात पूजा करतात, तिच्या नावाने साडी ठेवतात, सवाष्णींना जेवू घालतात. वर्षसुद्धा झालेलं नाही आणि मी तिचं कपाळ फाडायचं? नाही फाटलं माझ्याने. सातातला एकही नाही. घरात ठेवता येत नव्हते आणि फाडता येत नव्हते.

तेवढ्यात खाली जुन्या पेपरवाल्याची हाक आली. मी सातही कागद वर्तमानपत्रात गुंडाळले, खाली जाऊन त्याच्या गाडीवर ठेवले. वजन करू दिलं नाही. वर त्या पुडक्याला हात जोडले. त्या बिचाऱ्याला काय कळणार! त्यानेही हात जोडले आणि गाडी ढकलत गेला.

पोत्यात हात घालून परक्यांच्या पट्ट्या तपासणारा मी. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की याच्यावर नाव आहे, नंबर आहे, पत्ता आहे. मला फक्त चेहरा दिसत होता.

चार महिन्यांनी पोलीस स्टेशनातून फोन आला. बायकोचं नाव घेऊन विचारलं, "त्या आहेत का?"

"नाही."

"कधी येतील?"

"येणार नाही."

दुसऱ्या दिवशी बोलावलं. मुलगी रजा टाकून आली. सबइन्स्पेक्टर तरुण होता, रीतीने बोलणारा. त्याने सांगितलं की माझ्या बायकोच्या कार्डावर कुणीतरी दोन सिम काढलेत. त्या नंबरांवरून एक बाई म्हाताऱ्या माणसांना फोन करते. पेन्शन ऑफिसातून बोलतेय म्हणते, मोबाइलवर आलेला नंबर सांगा म्हणते. एका म्हाताऱ्याचं खातं धुऊन नेलंय. आणि त्याच्या तक्रारीत फसवणारी बाई म्हणून माझ्या बायकोचं नाव लिहिलंय.

जन्मभर तिने भाजीवाल्याची मिरची जास्त आली तर परत दिली.

मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्याने बघितला, मान हलवली, आणि फाइलीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सिमसाठी दिलेली प्रत. त्याच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने बेड नंबर लिहिला होता. अक्षर माझं. दवाखान्यातल्या नर्सने लिहायला लावला होता, मग ती प्रत लागलीच नाही म्हणून पिशवीत परत आली होती. म्हणजे तो झेरॉक्स काढल्यानंतरचा, माझ्याच पिशवीतला कागद. मला तिथल्या तिथे कळलं. अर्धा क्षणसुद्धा शंका नव्हती.

"हा कागद बाहेर कसा गेला? कुणाला दिला होता?" त्याने विचारलं.

मी बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "अप्पांनी सगळे कागद स्वतः फाडलेत, साहेब. त्यांचं आयुष्य गेलंय त्या कामात. त्यांच्याकडून जाणार नाही."

अभिमानाने म्हणाली. आई गेल्यापासून माझ्याबद्दल ती अशी बोललीच नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "समोरच्या झेरॉक्सवालीकडे राहिला असेल."

एवढंच. सबइन्स्पेक्टरने लिहून घेतलं. मी सही केली.

तिसऱ्या दिवशी दोन पोलीस आले आणि तिचा कॉम्प्युटर उचलून घेऊन गेले. झेरॉक्सच्या मशीनला कागद चिकटवून गेले, हात लावायचा नाही म्हणून. मे महिना, ॲडमिशनचे दिवस. वर्षाची कमाई ती त्या दोन महिन्यांत करायची. गल्ली बघत होती. मीही बाल्कनीतून बघितलं.

संध्याकाळी दूध आणायला खाली उतरलो. ती रिकाम्या दुकानात स्टुलावर बसली होती.

"अय्या, बघितलंत ना? कुणीतरी माझं नाव सांगितलंय. अम्मांच्या कार्डाचं काहीतरी आहे म्हणे. तुम्हाला पण त्रास देतायत का हो?"

"नाही."

"अम्मा असत्या ना, तर स्टेशनात जाऊन एकेकाची हजेरी घेतली असती."

"हो," मी म्हणालो. दुधाची पिशवी हातात गळत होती. घरी आलो.

त्यानंतर अकरा दिवस मी काही केलं नाही. हे मला लिहावं लागतंय. जेवलो, झोपलो, देवाला फूल घातलं. आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यात भेटले, माझा हात धरून म्हणाले, "तिने तुमच्या बायकोचं नाव विकलं. सोडू नका तिला." मी मान हलवली. नुसती हलवली नाही, वर "काय करणार" असंही म्हणालो.

अकराव्या दिवशी मुलीचा फोन आला. "अप्पा, मी एकाला विचारलं. त्या बाईवर आपण वेगळी तक्रार द्यायची. उद्या येते, लिहून देऊ. आईचं नाव असं कुणीही वापरायचं?"

तिच्या मागे रेल्वे स्टेशनातली गाडीची घोषणा ऐकू येत होती. मी म्हणालो, "तिने नाही दिला. मी दिला. पेपरवाल्याला."

"काय दिलं?"

"कागद. आईचे. सात."

"फाडून?"

"अख्खे."

गाडी आली असावी, गलका वाढला. मग म्हणाली, "आणि पोलीस स्टेशनात तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी तुमच्या बाजूला बसले होते, अप्पा."

"म्हणूनच."

"आई असती तर काय म्हणाली असती, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तिने फोन ठेवला.

सकाळी मी एकटाच पोलीस स्टेशनात गेलो. सगळं सांगितलं. सबइन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत," असं काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. मग कागद पुढे सरकवला, "स्वतःच्या हाताने लिहा." मी तमिळमध्ये लिहिलं, पाऊण तास लागला. बायकोचं नाव फाइलीतून निघेल म्हणाला, पण केस चालेल तेव्हा. कॉम्प्युटर तपासायला दुसरीकडे गेलाय, तो यायला वेळ लागेल. किती, ते त्यालाही सांगता आलं नाही. मशीनवरचा कागद मात्र त्याच दिवशी काढतो म्हणाला.

तिथून सरळ दुकानात गेलो. उभ्यानेच सांगितलं. आधी तिला वाटलं, बायको गेल्यामुळे माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. मला बसायला स्टूल दिलं. मी बसलो नाही, परत पहिल्यापासून सांगितलं, बेड नंबरासकट.

मग तिला कळलं.

"मीच का?" तिने विचारलं.

"तुझं दुकान डोळ्यासमोर होतं."

"पेपरवाला नव्हता डोळ्यासमोर?"

"त्याचं नाव घेतलं असतं तर माझं आलं असतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टेबलावरची धूळ पदराने पुसली. मी म्हणालो, "मला माफ कर."

"त्या माफीचं मी काय करू, अय्या? मशीनमध्ये घालून दहा प्रती काढू? मला कशाला सांगता, मला तर आधीपासून माहीत होतं की मी काही केलं नाही. त्यांना सांगा." आणि तिने गल्लीकडे हात केला, सगळ्या बाल्कन्यांकडे.

म्हणून मी निघालो. घरोघर. आधी आमची बिल्डिंग, मग शेजारची. गुडघे दुखतात, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबावं लागतं. प्रत्येक दारात तेच सांगायचं, की झेरॉक्सवालीने काही केलेलं नाही, कागद मी रद्दीत दिले, आणि पोलिसांना खोटं मी सांगितलं. पहिल्या दोन दारांत मी तिसरं वाक्य गाळलं. मग परत त्याच दारांत जाऊन तेही सांगून आलो.

जिन्यात हात धरणारे गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या हो, वय झालं, होतं असं."

"वय झालं म्हणून नाही झालं. मुलीसमोर मान खाली जाईल म्हणून केलं."

"बरं बरं, कॉफी घ्या."

कॉफी नको म्हणालो. त्यांनी जरा घाईनेच दार लावलं.

कुणी हसलं. कुणी विचारलं, मग ते सिमवाले सापडले का? एका म्हातारीने मला आत बसवलं आणि आपल्या घरातले सगळे जुने कागद काढून विचारलं, यातले कुठले फाडायचे? मी तासभर बसून तिचे कागद फाडून दिले. फोटोवरूनही फाडले, तिच्या नवऱ्याच्या. ती बघत होती. माझे हात थांबले नाहीत, त्याचीही लाज वाटली.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांचा मुलगा बारावी झालाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पोलिसांनी तिचा कॉम्प्युटर उगाच नेला?"

"उगाच नेला. मी सांगितलं म्हणून नेला."

"तेव्हा तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"मग आता खरं बोलताय हे मी कशावरून समजू?"

जिन्यात उभा होतो, श्वास लागला होता. शेवटी म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तिच्याकडे जा, एवढंच म्हणतोय. मुलाचा फॉर्म तिच्याकडून भरून घ्या. कॉम्प्युटर नाही, पण मोबाइलवरून भरून देते ती."

बाईंनी दाराला हात लावला, पण लावून घेतलं नाही. जरा खाली बघितलं.

"तिचाच विचार होता, मागच्या वर्षी मुलीचा तिनेच भरला होता," त्या म्हणाल्या. "पण ते पोलीस आले ना, म्हणून दुसरीकडे भरला. गेल्या आठवड्यातच."