टेकाडावरचे कान

माझे सासरे लिशोम्वा यांनी आम्हांला वर्षानुवर्षं जिवंत ठेवलं. जिवंत राहायला किती थोडी जागा पुरते, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

टेकाडावर तीन झोपड्या आणि एक अंजिराचं झाड. चहूकडे मैदान, उन्हाळ्यात गवताचं आणि पुरात पाण्याचं. नवरा लांब, तांब्याच्या खाणीवर. इथं सासरे, सासूबाई नामेंडा, मी आणि माझी लहान मुलगी लिकेझो.

कोरडा वारा सुटला की उघड्यावर चूल पेटवायची नाही. आतली विझवली तरी राखेवर पाणी ओतायचं. थंडीत मुलीला विस्तवाजवळ निजवायचं नाही. पाणी भरायचं ते नदीत रोवलेल्या वेळूच्या कुडाच्या आतूनच. मगर कुडाबाहेर थांबते आणि तिला घाई नसते. झोपड्यांभोवती राखेचं कडं, मुंग्यांसाठी. वीज चमकली की झाडाखालून उठून आत. गडगडाट पुरता थांबला की सासरे दार उघडत, तोवर नाही.

"या माणसानं मला मगरीपासून वाचवलं, सापापासून वाचवलं," सासूबाई म्हणायच्या. "आता याच्यापासून कोण वाचवणार?"

"तुला कोण खाणार आहे?" सासरे म्हणायचे. "मगरीलाही दात प्यारे असतात."

सगळ्यांत मोठा नियम पुराचा. पाणी चढलं की राजाची नाव पहिली निघते, कडेच्या उंच जमिनीकडे. त्याआधी राजवाड्यातले मोठे ढोल वाजतात. हल्ली कुणीकुणी आधीच निघून जातात. सासरे त्यांना माणसांत धरत नसत. ढोल ते स्वतःच्या कानांनी ऐकत, त्यांच्या वडिलांनी ऐकले तसे. आसपासच्या टेकाडांवर म्हणत, लिशोम्वाची होडी हलली म्हणजे ढोल वाजले.

त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला एका दुपारी वादळ झालं. ते सरलं, बेडूक ओरडू लागले, तरी दार उघडेना. आम्ही अंधारात बसून होतो. सासरे आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते.

"थांबलं का?" शेवटी त्यांनी विचारलं. नंतर घाईनं म्हणाले, "मला वाटलं, अजून एखादा बाकी असेल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  त्या दिवसापासून आम्ही दोघी सासऱ्यांच्या समोर जाऊन बोलू लागलो.

मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी पुरात उंच जमिनीवर गेले की परत यायचं नाही. लिकेझोला घेऊन सरळ नवऱ्याकडे जायचं. माझं गाठोडं मी वेगळं बांधलं होतं.

पाणी लवकर आलं. आधी कूड गेला, मग गुरांचा खुंट. गुरं आधीच वर धाडली होती. राखेचं कडं भिजून विरघळलं आणि मुंग्या अंडी घेऊन आमच्याच भिंती चढू लागल्या. छपरात साप होते. त्यांनाही दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं. आम्ही सगळे एका झोपडीत, एका माचावर.

"मी खाली कधी उतरू?" लिकेझो विचारायची.

"आजोबा सांगतील तेव्हा."

एका संध्याकाळी ढोल वाजले. लांब कुणीतरी जड काही पुन्हा पुन्हा खाली ठेवत असावं, तसा आवाज. मी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. ते होडीच्या काठावर बसले होते, वल्हं मांडीवर आडवं.

"बाबा, ढोल वाजताहेत."

त्यांनी मान कलती केली. बराच वेळ तशीच ठेवली.

"वारा आहे."

"वारा नाही, बाबा."

"मी ऐकतोय ना?"

सकाळी लांबच्या टेकाडांवरून होड्या निघालेल्या दिसल्या. चटया, हंडे, माणसं. आमच्या होडीची वाट न बघता.

"मासे धरायला चाललेत," सासरे म्हणाले.

"कोंबड्या घेऊन?" सासूबाईंनी विचारलं.

ते दुसरीकडे बघू लागले. दुपारपर्यंत पाणी उंबऱ्याला टेकलं. लिकेझोच्या चटईवरून एक काळा साप सावकाश निघून गेला, जणू ती चटई त्याचीच. मी वल्ह्याला हात घातला.

"मी पोरीला घेऊन जाते, बाबा."

"ढोल न ऐकता? तुझ्या नवऱ्याला काय सांगू? तुझी माणसं चोरासारखी निघून गेली म्हणून?"

त्यांनी वल्हं घट्ट धरलं होतं. होडी जड, प्रवाह ओढीचा. एकटीनं ती पार नेणं शक्य नव्हतं. आणि सासूबाई त्यांना सोडून येणार नव्हत्या.

सासूबाई उठल्या. उखळ ओढत त्यांनी सासऱ्यांच्या पाठीमागे आणलं. त्यात दाणा नव्हता. त्यांनी मुसळ उचललं आणि घातलं. थांबून पुन्हा घातलं. ती कालच्या ढोलांची चाल होती. राजाच्या ढोलांची नक्कल करणं म्हणजे केवढा गुन्हा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

प्रत्येक घावासरशी ओली जमीन हलत होती. सासऱ्यांचे अनवाणी पाय जमिनीला टेकलेले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. वाकून तळवा मातीवर ठेवला. सासूबाईंच्या हातचं कांडण त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं आणि नजर खाली केली.

"वाजले," ते म्हणाले. "चला."

होडीत ते मागं उभे राहिले, मी पुढं. सासूबाईंनी उखळ पायाशी घेतलं होतं.  काठ दिसू लागला तेव्हा सासरे म्हणाले, "ते उखळ भिजलंय. नीट वाळव."

"वाळवीन," सासूबाई म्हणाल्या.

वर गेल्यावर ते दिवसभर लोकांकडे पाठ करून बसत. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. माझं गाठोडं मी तोवर सोडलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी तू ऐकायचं," ते म्हणाले. "लोकांसमोर येऊन सांगू नकोस. नुसता पाठीवर हात ठेव. मी उठेन."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"बरं, बाबा," मी म्हणाले.

पाणी ओसरल्यावर आम्ही टेकाडावर परतलो. आता गडगडाट, गवतातली चरचर, कुडापाशी हललेलं पाणी, छपरातली सळसळ, सगळं मी ऐकते. लिकेझो काही सांगायला आली की मी तिच्या तोंडावर हात ठेवते. मला ऐकायचं असतं.