साडूंची वीत

फ्रीजला पाठीवरून ओळखणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच होऊन गेला, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. लग्नाकार्यात कोणी समोर येऊन नमस्कार केला तर साडू त्याच्याकडे कोऱ्या नजरेने बघत राहत. मग तो बिचारा सांगे, "अहो, मी थेरगावचा. तुम्ही आमचा फ्रीज बघितला होता." की साडूंचा चेहरा उजळलाच. "व्हय व्हय. डाव्या अंगाला गंजल्याली. कशी हाय आता?" फ्रीजला ते 'ती' म्हणत. त्या माणसाची, त्याच्या बायकामुलांची चौकशी केल्याचं मी कधी ऐकलं नाही. अशा या माणसाशी माझं वीतभर जागेवरून बिनसलं. लोक बांधावरून भांडतात, गुंठ्यावरून कोर्टात जातात. आमचं वितेवर अडलं. त्यांच्यावरचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. तो गेला असता तर मी लिहायला बसलोच नसतो. दूधदही विकणाऱ्याला लिहिण्याचं काय काम.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे दिघीचे, घरात म्हशींचा मोठा गोठा. पुढे आसपासची माळरानं गेली. कुठे कुंपण आलं, कुठे कारखाना आला, आणि म्हशी चारायच्या कुठे याला उत्तर उरलं नाही, तेव्हा वडलांनी म्हशी विकल्या आणि मुलाला कंपनीत चिकटवलं. तिथे कॅन्टीनमधल्या थंड पाण्याच्या मशीनची देखभाल त्यांच्याकडे आली आणि तिथून त्यांना फ्रीजचा जो नाद लागला तो लागलाच. पहिली शिफ्ट सुटली की हँडलला पिशवी अडकवून त्यांची सायकल निघे; आज भोसरी, उद्या आकुर्डी, परवा देहूरोड. माझं तर असं मत होतं की त्यांच्या म्हशी कधी विकल्याच गेल्या नाहीत. त्या फक्त परक्या घरी बांधल्या होत्या, अंगाने पांढऱ्या झाल्या होत्या आणि दुधाऐवजी बर्फ देत होत्या.

फ्रीजच्या मागे, तळाशी, मडकं पालथं घातल्यासारखा एक काळा डेरा असतो. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. फ्रीजची सगळी धडपड त्या डेऱ्यात. तो फार तापला की टक् आवाज करून आपोआप बंद पडतो, निवला की पुन्हा सुरू होतो, आणि हे वरचेवर व्हायला लागलं की एक दिवस जळून जातो. साडूंकडे येणारी बहुतेक गाऱ्हाणी या तापण्याची. ते घरात शिरले की आधी सगळ्यांना गप्प करत. रेडिओ बंद, स्टोव्ह बंद, रडणारं मूल अंगणात. मग फ्रीजच्या मागे उकिडवं बसून पालथा हात डेऱ्याला लावत आणि डोळे मिटत. बऱ्याच वेळाने आतून आवाज येई, "काल काय खाल्लं हिनं?" घरची बाई गोंधळून म्हणे, आमटी ठेवली होती. "निवल्याली का ऊन?" ऊन असली तर साडू त्या बाईकडे असे बघत, की ती पुढे महिनाभर गार भातसुद्धा फुंकर घालून आत ठेवत असेल. दाराच्या रबरात पोस्टकार्ड धरून ओढत, ते अलगद सुटून आलं तर निदान ठरलेलं, "तोंड मिटत न्हाई. रातभर वारा गिळती, मग तापंल न्हाई तर काय?" आणि पाठीच्या जाळीवरची धूळ दाढीच्या जुन्या ब्रशने झाडताना तोंडाने च्च-च्च करत, धार काढण्याआधी म्हशीला करतात तसं.

त्यांचं सगळंच बरोबर येई असं नाही. एका डॉक्टरांकडे ते असेच डोळे मिटून किती तरी वेळ बसले आणि शेवटी म्हणाले, "दम धरलाय हिनं. कुनाची तरी नजर हाय." डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या की सकाळपासून लाइटच नाहीत. साडूंनी बशीत चहा ओतला. "लाइट न्हाई हे मला आदी सांगाया नगं?" एवढं बोलून ते चहा प्यायले. मात्र उठताना त्यांनी आपली फी वसूल केलीच.

ही फी फार चमत्कारिक होती. पैशाला ते हात लावत नसत. भिंतीपासून वीतभर जागा, ही त्यांची फी. "पोटातली ऊब ती पाठीवाटं टाकती," असं ते सांगत. "पाठ भितीला दाबली तर ऊब जानार कुटं?" दुरुस्ती झाली की फ्रीज पुढे ओढून, भिंत आणि जाळी यांच्यामध्ये स्वतःचा पंजा ताणून ते माप घेत, आणि माप पुरं भरल्याशिवाय घरातून हलत नसत. त्या काळी फ्रीज स्वयंपाकघरात नसायचा. तो बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, भिंतीला घट्ट टेकून, डोक्यावर फुलदाणी घेऊन उभा असायचा. पिंपरी कॅम्पातल्या एका कापडवाल्या शेठने तर दुकानातल्या भरजरी कापडाचा झगाच शिवून त्याला पायापर्यंत घातला होता. साडू गेले, झग्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "शेट, घोंगडं हाय का घरात?" शेठला वाटलं, दुरुस्तीला लागत असेल. त्याने जाड ब्लँकेट आणून दिलं. साडूंनी ते शेठच्याच अंगाभोवती गुंडाळलं, त्याची खुर्ची भिंतीला सरकवली आणि त्याला तिच्यात बसवलं. "बसा जरा. च्या हुस्तवर." वैशाखाचे दिवस. चहा होईपर्यंत शेठ घामाने भिजला, पण उठला नाही. कंपनीचा माणूस आहे, काही तरी पद्धत असेल, असं त्याला वाटलं. त्यानंतर तो झगा शेठच्या सोफ्यावर गेला, आणि शेठ साडूंचा जन्माचा भक्त झाला.

माझं तसं होणं शक्य नव्हतं. मी सायकलवर दुधाची कॅन लावून पिंपरीच्या बाजारात आलेला माणूस. ज्या गाळ्यात मी डेअरी टाकली तो इतका अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर मला श्वास आत घ्यावा लागे. खंडाळ्याच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून मी मोठा फ्रीज उचलला. तो सौदा मी कसा केला हे ऐकायला लोक मला अजून चहा पाजतात. तो फ्रीज तापायला लागला म्हणून साडूंना बोलावलं. त्यांनी धूळ झाडली, रबर बदललं, आणि फीवर आले. आता फ्रीज वीतभर पुढे आला की काउंटर पुढे येणार, आणि काउंटर पुढे आला की लस्सी पिणाऱ्यांचं बाकडं गटारात जाणार.

"दोन बोटं," मी म्हणालो.

"पाव्हनं, मी काय भाजी इकाया बसलोय व्हय?"

"तुमचा हात म्हणजे सूप आहे. माझ्या वितेने बोला."

"मोट्टी हाय ती. तिला तुमची चिमनीएवढी वीत काय पुरती?"

"बरं, तीन बोटं. तुमच्या हाताची."

माझी बायको म्हणाली, "दाजी, ह्यांच्या नादाला लागू नका. हे दोरीला गाठ मारतानासुद्धा घासाघीस करतात." पण साडू नादाला लागले. आमचं दुपारभर चाललं. खरं सांगायचं तर इतकी गोड घासाघीस मी बाजारात कधी केली नाही. शेवटी चार बोटांवर त्यांनी मान हलवली. "चार तर चार. ठरलं." मी म्हणालो, "ठरलं." त्यांनी आपली चार बोटं जोडून मागे घातली, माप बघितलं, आणि फ्रीजच्या पाठीवर एक थाप मारून निघून गेले. त्यांना वितेवरून खाली आणणारा मी एकटाच, हे मी पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो.

मग आली खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला आमच्याकडे कंपन्यांच्या कॉलन्यांमधून श्रीखंडाच्या एवढ्या मागण्या, की फ्रीजमध्ये बोट शिरायला जागा नव्हती. बाहेर आश्विनाचं ऊन. दुपारी फ्रीज टक् करून थांबला. थोड्या वेळाने सुरू झाला, पुन्हा टक्. दसऱ्याचं श्रीखंड एकदा आंबलं की त्या दुकानाचं नाव कायमचं आंबतं. मी साडूंकडे निरोप धाडला. ते कंपनीतली मशीनची पूजा आटोपून तसेच आले. कपाळाला कुंकू, अंगात नवा पांढरा सदरा. डेऱ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आज समद्या मशिनी बसल्यात," ते म्हणाले. "हिनं एकटीनंच का राबायचं?"

"साडू, गंमत नको. माझं श्रीखंड आहे आत."

"मग वीतभर फुडं घ्या. जाऊ द्या ते बाकडं."

दुकानापुढे गिऱ्हाइकांची रांग, माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हणालो, "चार बोटं ठरलं होतं."

साडूंनी आपली चार बोटं जोडून बघितली. "व्हय," ते म्हणाले. "ठरलं व्हतं."

आता इथे कोणी शहाणा माणूस असता तर त्याने मला एक शिवी हासडली असती आणि फ्रीज ओढला असता. मीही दोन शिव्या देऊन दुसऱ्या बाजूने हात लावला असता. माझा राग उतू जाणाऱ्या दुधासारखा, आच काढली की खाली बसतो. साडूंना हे ठाऊक होतं. पण त्यांनी काय केलं, तर मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा उचलला, दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालून फ्रीजच्या बगलेत बसले, आपला तो लांब हात त्या चार बोटांच्या फटीत घातला आणि डेऱ्याला वारा घालायला लागले. दुपार गेली, दिवे लागले, साडू वारा घालताहेत. हात भरून आला की दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरा हात. गिऱ्हाईक विचारी, हे कोण? कोणी तरी सांगे, शेठचे साडू, फ्रीजला वारा घालायला बसवलेत. समोरचा केळीवाला गाडी सोडून बघायला आला आणि म्हणाला, "शेट, साडूंना वारा घालायला मी बसू का?" सगळा बाजार हसला. फ्रीज त्यानंतर एकदाही थांबला नाही. श्रीखंड पहिल्या प्रतीचं राहिलं. पण दसऱ्याच्या सकाळी श्रीखंडाबद्दल कोणी बोलेना. जो तो मान वाकडी करून फ्रीजच्या मागे बघत होता.

आदल्या रात्री दुकान वाढवताना माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "उठा आता. बाजारात माझी शोभा केलीत तेवढी पुरे." साडूंनी हात बाहेर काढला. नव्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या. पुठ्ठा त्यांनी झटकून पुन्हा खोक्यांवर ठेवला. "ठरल्यापरमानं केलं, पाव्हनं," एवढं म्हणाले आणि सायकल काढली. मी श्रीखंडाचा डबा पुढे केला होता. तो त्यांना दिसला नाही, की दिसून न दिसल्यासारखं केलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

माझी तक्रार आहे ती हीच. बाजारात ठरवलेलं कधी मोडायचं हे ज्याला कळत नाही, त्याने मुळात ठरवायलाच बसू नये. मी चार बोटं म्हणालो ते रागात. त्यांनी चार बोटं पाळली ती शुद्धीवर.

ते पुन्हा दुकानात आले नाहीत. पुढे मी शेजारचा गाळा घेतला आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे आला. जागा झाली म्हणून आला, दुसरं काही नाही. बारशाला, साखरपुड्याला गाठ पडे तेव्हा साडू माझ्याशी दोन शब्द हवापाण्याचे बोलत आणि मग माझ्या बायकोला हळूच विचारत, "ती कशी हाय?" मी पलीकडच्या पंगतीतून बायकोला मोठ्याने सांगे, "ऐसपैस आहे म्हणावं. चांगली वीतभर जागा आहे तिला." साडू पानातल्या भाताकडे बघत मान हलवत. अशी आमची बोलणी काही वर्षं चालली.

एका उन्हाळ्यात मेहुणीचा निरोप आला की साडूंच्या छातीत फार भरून येतं, उठवत नाही. आम्ही दिघीला गेलो. पत्र्याची खोली, आणि बघायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून खाट पार भिंतीला सरकवलेली. भिंतीला टेकून साडू बसले होते, धापा टाकत. मी भिंतीवर हात ठेवून बघितला. उन्हाने ती तव्यासारखी झाली होती.

"खाट पुढे घ्यायची," मी मेहुणीला म्हणालो.

"कशापायी? मान्सं कुटं बसत्याल मग?"

"बाहेर बसतील. वीतभर पुढे घ्यायची."

साडूंनी डोळे उघडले. "चार बोटं बास हायती," ते म्हणाले.

"वीत. तुमच्या हाताची. त्याच्या खाली मी येणार नाही."

त्यांनी चादरीतून हात काढला आणि भिंत आणि खाट यांच्यामध्ये पंजा ताणला. तो पंजा अजूनही माझ्यापेक्षा मोठाच होता. मी खाट ओढली, त्यांचा अंगठा एका बाजूला आणि करंगळी दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत.

"बरं," साडू म्हणाले, आणि हात पुन्हा चादरीत घेतला.

पाऊस सुरू व्हायच्या आधी ते गेले. उभ्या आयुष्यात माझ्या पहिल्या बोलीला इतक्या झटकन कोणी हो म्हटलेलं नाही. मी तर त्या दिवशी खाटेपाशी संध्याकाळपर्यंत घासाघीस करत बसायच्या तयारीत होतो. ते मला भाजीवाला म्हणतील, माझ्या चिमणीएवढ्या वितेला हसतील, बोटाबोटाने खाली ओढतील, आणि मी वितेवरून हलणार नाही, अशा हिशोबाने.