कापड्यात राहणारे इंग्रजी शब्द

इंग्रजी भाषेतले झाडून सगळे शब्द पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात राहतात, असं माझ्या धाकट्या आत्याचं ठाम मत आहे. थोडेफार उमरठला निघतात आणि एक ‘अ‍ॅरोगंट’ महाडच्या बाजारपेठेत दुकान थाटून बसलाय, पण तोही मूळचा कापड्याचाच. शब्द पाठ करायची तिची पद्धत अशी, की पुस्तकातून रोज पाच शब्द उचलायचे आणि गावात फिरून ते एकेका माणसाला लावून टाकायचे. माणूस सापडला की शब्द जन्मात विसरायचा नाही. ‘गॅरुलस’ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची काशीबाई, कारण दळण संपतं पण तिचं बोलणं संपत नाही. ‘रेटिसंट’ म्हणजे कमी बोलणारा, तो तर घरातच होता: तिचे यजमान, आमचे मामा. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते “हं” म्हणाले आणि शब्द कायमचा त्यांच्या नावावर झाला.

बेचाळिसाव्या वर्षी तिला हे सुचलं त्याला कारण होतं. गेली पंधरा वर्षं ती लोकांचे अर्ज लिहून देते. रस्ता, रेशनकार्ड, सातबारावरचं चुकलेलं नाव, काहीही असो, माणूस तिच्या ओट्यावर येऊन बसतो आणि अर्ज घेऊन उठतो. एकदा एका कचेरीत एका म्हातारीची बाजू ती तावातावाने मांडत होती, तर साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही वकील आहात का?” दुसरी कुणी असती तर चिडली असती. आत्याने शांतपणे विचारलं, “नाय. पण व्हायला काय लागतं?” लागत होती पदवी, ती तिने बाहेरून परीक्षा देत देत आधीच घेतली होती. आणि लागत होती लॉची प्रवेशपरीक्षा. पहिल्या वर्षी बाकी सगळं जमलं आणि इंग्रजीने पाडलं. “औंदा शेवटची,” तिने जाहीर केलं. “तिसऱ्यांदा बसायची नाय मी. लोकांनी किती हसायचं त्यालापण मर्यादा हाय.”

म्हणून इंग्रजी शिकवायला मला महाडहून दर रविवारी बोलावणं. मी ज्या घरात वाढले तिथे चळवळीच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले, त्यामुळे पहिल्याच रविवारी मी तिला तासभर समजावलं, की डोंगरातल्या माणसाची बाजू मराठीत मांडणाऱ्या बाईला परक्या भाषेच्या चाळणीतून गाळणं हा अन्याय आहे आणि याविरुद्ध मी पत्रक काढणार आहे. तिने तांदूळ निवडत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू पत्रक काढ, मी पास होते. बघू कुणाचं आधी होतं. आता सांग, ‘फ्रूगल’ म्हणजे काय?”

फ्रूगल म्हणजे काटकसरी, तो वरच्या आळीच्या नानांना गेला. पुढच्या आठवड्यात ‘थ्रिफ्टी’ खालच्या आळीच्या तात्यांना गेला. आणि सराव परीक्षेत नेमका प्रश्न आला, की फ्रूगलचा समानार्थी शब्द कोणता. आत्याने थ्रिफ्टी सोडून बाकी तिन्हींचा विचार केला.

“अगं, थ्रिफ्टी! समोर लिहिलंय!”

“कसं शक्य हाय? बांधावरनं दोघांचं बोलणं बंद हाय आठ वर्षं. ते एकसारखे कसे असतील?”

“आत्या, माणसं नाहीत गं ती. शब्द आहेत.”

“मग शब्द लावायचा कुणाला? फ्रूगल म्हणायला कुणी तरी माणूस लागतोच ना? हे बघ. नाना सोता अर्धी भाकर खाईल, पण तुझ्या ताटात दोन वाढील. तात्या तुझ्याच ताटातली मोजील. सारखे म्हणू?”

मी घरी येऊन तीन शब्दकोश उघडले. दोन म्हणाले सारखे, एक म्हणाला किंचित फरक आहे. उत्तरपत्रिका म्हणत होती थ्रिफ्टी. तो फरक नानांच्या ताटापर्यंत पोचतो का हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि त्या रात्रीपासून मला कुठलाच शब्द नीट येईनासा झाला.

हळूहळू गावात बातमी पसरली. माजी सरपंचांनी एसटी थांब्यावर तिला गाठलं. “वयनी, आमाला कुठला शब्द दिलास?” आत्याने सरळ चेहऱ्याने ‘पॉम्पस’ सांगितला. शब्द दणदणीत वाटला म्हणून ते आठवडाभर तो सगळ्यांना ऐकवत फिरले. मग त्यांच्या सुनेने मोबाइलवर अर्थ शोधला: उगाच मोठेपणा मिरवणारा. ते तडक ओट्यावर आले. आत्याने पाटावर बसवून चहा दिला आणि म्हणाली, “बदलून देते की. पण शब्दाआधी वागणं बदलायला लागल.” यानंतर पाणवठ्यावरच्या बायका लाडीगोडी लावू लागल्या, “मला एखादा बरासा दे गो.” त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: “बेनेव्हलंट कधीपासून पडून हाय. उदार, परोपकारी. कुणाला बसतच नाय.”

उताऱ्यांचं मात्र अवघड होतं. एका उताऱ्यात कुठल्याशा परदेशी नदीवर पूल होतो आणि म्हाताऱ्या नावाड्याची नाव बंद पडते, एवढंच होतं. खाली प्रश्न: लेखकाचा सूर कोणता? आत्याने पेन्सिल खाली ठेवली.

“त्याचं पुढं काय झालं?”

“कुणाचं?”

“नावाड्याचं. पोरंबाळं होती का? पूल करताना त्याला विचारलं का कुणी?”

“ते उताऱ्यात नाही. जेवढं आहे तेवढ्यावरच उत्तर द्यायचं.”

“लेखक सूर लावून मोकळा झाला. नावाडी बोलला का एक तरी अक्षर? मग मी एकाच बाजूचं ऐकून खूण कशी करू?”

आयुष्यभर छापील कागदाला जाब विचारायला शिकलेली मी, तिला छापील कागदापुढे मान तुकवायला शिकवत होते. ती चुकत होती आणि मला ती बरोबर वाटत होती. ती बरोबर वाटली की परीक्षा आठवून मी घाईने पुढचा उतारा काढत होते.

परीक्षेहून आली ती प्रसन्न. “उतारा मधमाश्यांवर होता. एकपण माणूस नव्हता गो त्यात! पटापट खुणा केल्या.” तिला शेवटच्या फेरीत प्रवेश मिळाला. इंग्रजीत गेल्या वर्षीपेक्षा बरेच गुण होते. ते माझ्या शिकवण्यामुळे, नाना-तात्यांमुळे की मधमाश्यांमुळे, हे मला अजून कळलेलं नाही. पत्रकाचा मसुदाही तसाच पडून आहे. पहिलं वाक्य लिहिते आणि खोडते.

परवा मी कापड्याला गेले तर दाराला कडी. ओट्यावर उमरठचे एक आजोबा बसले होते. त्यांच्या गोठ्यावर विजेचा खांब झुकला होता आणि तो सरळ करून हवा होता. “ती कालेजात गेलीय, सांजच्या गाडीनं येल,” ते म्हणाले. मग मला न्याहाळून, “तू भाची ना तिची? लिवतेस म्हनं. मग तूच लिव.”

मी पान भरून लिहिलं. दुर्गम भागाची उपेक्षा, नागरिकांचे हक्क, यंत्रणेची अनास्था. मोठ्याने वाचून दाखवलं. आजोबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“झ्याक हाय,” ते म्हणाले. “पन ह्याच्यात मी कुठं हाय गो?”

मी पुन्हा वाचलं. खांब होता, शासन होतं, जनता होती. आजोबा नव्हते. त्यांचा गोठासुद्धा शेवटच्या ओळीत, तोही जाता जाता.

गाडीला अजून दीड तास होता. कागदाची घडी करून मी पिशवीत घातली आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

“खांब कधीपासून झुकलाय, आजोबा?”

“ते ती आली का सांगतो,” ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.