चहा होईल का?

वडवणीत आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत मी बोलायच्या इंग्रजीचा वर्ग घेते, चार ते सहा. येतात त्या सगळ्या बायका. त्यांच्यात जवळच्या एका गावच्या सरपंच बाई आहेत. साहेब लोक आपसात इंग्रजी बोलून आपल्या डोक्यावरून मुद्दा नेतात, ते बंद करायचं म्हणून आलेल्या. बाकीच्या बऱ्याच जणी त्यांच्या शब्दावर आल्यात, त्यामुळे त्या रुसल्या तर माझा वर्ग बसलाच.

आणि त्या रुसायच्या बेतात होत्या. कारण माझे सासरे. रोज पाचच्या सुमारास आतून आवाज येणार, ‘चहा होईल का?’ मी खडू ठेवणार, चहा करून येणार, तोवर इकडे आठवडी बाजार भरलेला. असंच चाललं तर आम्ही सगळ्या बीडला क्लास लावू, असं सरपंच बाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं.

त्या दिवशी मी विनंत्या शिकवत होते. सरपंच बाईंना म्हटलं, ‘कॅन यू ओपन द विंडो?’ त्या ठसक्यात ‘येस’ म्हणाल्या आणि बसून राहिल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा येस. उघडता येतं का विचारलं, येतं म्हणून सांगितलं, यात चुकलं काय, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं, की हा प्रश्न नाहीच, हे काम सांगणं आहे. ‘उघड’ म्हणायला गोऱ्या माणसाची जीभ रेटत नाही, म्हणून तो असा आडून येतो. गोड बोलून राबवून घेतात की मेले, असं एकजण पुटपुटली आणि सगळ्या हसल्या. आमच्या घरात पुढच्या खोलीतलं आत सगळं ऐकू जातं, म्हणून मी त्यांना दटावलं.

तेवढ्यात आतून रोजचा आवाज आला. मी सवयीनं उठले.

‘बसा मॅडम,’ सरपंच बाई म्हणाल्या. ‘होईल का इचारलंय. कर कुठं म्हनलेत?’

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ‘होईल, मामा,’ असं मोठ्यानं म्हणाले आणि खाली बसले. खरं सांगते, मजा लई आली.

थोड्या वेळानं मामा पडद्याशी येऊन उभे राहिले. बायकांनी पदर सावरले. मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा फळ्याकडे बघितलं.

‘चहा कर,’ ते म्हणाले.

या घरात आल्यापासून त्यांनी मला असा सरळ हुकूम कधी केला नव्हता. सदा ते मऊ विचारणंच, आणि इतक्या मऊ विचारण्याला नाही म्हणणारी सून उद्धट ठरते. हुकुमाला मात्र उत्तर देता येत होतं.

‘आत्ता नाही, मामा. सहाला वर्ग सुटला की करते.’

ते आत गेले. काही वेळानं मागचं दार वाजलं. पुढचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि सरपंच बाईंनी ते सगळ्यांकडून म्हणवून घेतलं.

वर्ग सुटल्यावर धास्तावूनच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मामा चहा प्यायला स्टँडवर गेले, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, मग आत्या, तुम्ही का नाही टाकला?

‘मला बी इचारलं की त्यांनी, होईल का म्हनून,’ त्या काड्या बाजूला टाकत म्हणाल्या. ‘होईल म्हनलं.’