रेडिएटरचं गोडं पाणी

आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारं होतं की त्यात डाळ शिजत नसे. गोडं पाणी अर्ध्या कोसावरच्या मळ्यातून मी डोक्यावर आणायचे, रोज दोन पितळी गुंड भरून. नवऱ्याचा ट्रक होता. दर एक-दोन महिन्यांनी तो अंगणात रेडिएटर धुवायला काढायचा. खालची तोटी उघडली की गंजाचं तांबडं पाणी पार तुळशीपर्यंत वाहत यायचं. मग पुन्हा भरायला माझे दोन्ही गुंड उचलायचा. मधल्या दिवसांतही गाडीतलं पाणी आटलं की त्यातलंच ओतायचा.

"खाऱ्या पाण्यानं आतमंधी खडे बसतात. गाडी गरम होते."

"आन आमी काय प्यावं?"

"विहीर हाय ना."

विहीर होती. मी तिचंच पाणी प्याले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मळ्यात गेले. मुकाट्यानं गेले, याचाच आज जास्त संताप येतो.

लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात कंबर धरून मी वर्ध्याच्या दवाखान्यात आडवी पडले. डॉक्टर म्हणाले, मुतखडा आहे, यापुढे फक्त गोडं पाणी प्या. नवरा खाटेशी उभा होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मंग गाडीत काय टाकू?"