दादाच्या डोक्यावरच्या वायरी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, ती दादामुळे. हडपसरच्या कारखान्यात तो लेथ मशीनवर दोन-दोन पाळ्या उभा राहिला, म्हणून मी वाशीमकडच्या गावातून पुण्याच्या कॉलेजात आले. मला नोकरी लागली आणि थोड्याच दिवसांत सोलापूर रस्त्यावर टँकरने त्याच्या मोटरसायकलला उडवलं.

डोक्याची जखम भरली. पण तो दचकायचा, चिडायचा, आत्ता सांगितलेलं विसरायचा. विचारायचा मात्र एकच, "लेथवर कधी जाऊ?"

डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला न्यूरोफीडबॅक सुचवलं. डोक्याला पेस्टने वायरी चिकटवायच्या आणि समोरच्या पडद्यावर विमान बघायचं. मेंदू निवांत असला की ते वर चढतं, बिथरला की खाली येतं. बघता बघता मेंदूला निवांतपणाची सवय लागते, असं तिथल्या मॅडमनी समजावलं. "काहींना मदत होते. खात्री देत नाही," असंही म्हणाल्या. मी पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं.

पहिल्या दिवशी वायरी चिकटेचनात. अपघातानंतर गावाहून आमच्याकडे आलेल्या आईने सकाळी त्याच्या डोक्यावर खोबरेल थापलं होतं.

"काकू, तपासायचंय डोकं. फोडणी नाही द्यायची," मॅडम आईला म्हणाल्या.

"तेल नाही लावलं तं डोकं तापते त्याचं," आई म्हणाली.

आईचं खोटं नव्हतं. तेल चोळताना तेवढाच तो डोळे मिटून बसायचा. आता तिथे जायच्या दिवशी कोरडे केस ठेवायचे ठरले आणि तो घरातूनच बिथरून निघू लागला. विमान जमीन सोडेना. "जोर लावू नका," मॅडम सांगायच्या. जोर न लावता काही मिळतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार? दादा मुठी आवळून पडद्याकडे बघायचा.

काही महिन्यांनी एका दुपारी विमान चढलं आणि वरच राहिलं. मला रडू आलं. आम्ही खाली रस्त्यावर आलो, तर कुणाच्या तरी बुलेटचा फटाक्यासारखा आवाज झाला. दादा कान दाबून एका दुकानाच्या शटरपाशी खाली बसला.

पुढच्या वेळी मॅडमनी मला बाजूला घेतलं. "पडद्यावर जमतंय, बाहेर उतरत नाही. आता थांबू या. आणि मशीनजवळ उभं करू नका त्यांना. हात जाईल."

रिक्षात दादाने विचारलं, "काय म्हणल्या मॅडम? सोमवारपासून जाऊ?"

त्याने मला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. मी त्याला नाही म्हणाले. त्याने शहाण्यासारखी मान हलवली.

हडपसरला उतरलो, तेव्हा तो म्हणाला, "सोमवारपासून जातो ना मग?"