फेसाची पारख

जगात जे मौल्यवान ते सगळं फेसाबरोबर वर येतं, अशी गाढ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच असेल आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीतली भरपगारी नोकरी सोडून ते युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले. दगड दळायचा, पाण्यात कालवायचा, औषध घालून हवा सोडायची. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, तो फेस ठेवायचा आणि खालचं टाकून द्यायचं. हे सांगताना दादांचा चेहरा असा फुलतो, की ऐकणाऱ्यालाही घरी जाऊन दगड दळावेसे वाटतात. यंत्रावरचे आकडे मात्र ते मुलांना आधी बघूच देत नाहीत. "आकडा नंतर. आधी फेस काय म्हणतोय ते सांग!" या हट्टामुळे कितीतरी मुलं खाणींत नावाजली. एकदा बायकोने त्यांना वरणाचा फेस काढायला सांगितला, तर यांनी फेस जपून वाटीत काढला आणि वरण सिंकमध्ये ओतून मोकळे झाले!

यंदा दादा निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे शिकवणारं कोणी मिळालं नाही, तर वर्ग बंद पडणार होता. त्यांचा सगळा जीव अडकला होता एका विद्यार्थिनीत. ट्रक ड्रायव्हरची ही मुलगी लांबूनच फेसाचा रंग बघून, दगड कालवलेल्या टाकीत काय बिनसलंय ते सांगायची. "खाणीत नोकरी नाही मिळाली तर मी इथेच शिकवेन," असं तिने दादांना कबूल केलं होतं.

परवा रविवारी दादा आमच्याकडे जेवत असताना, तिने जिथे अर्ज केला होता त्या खाणीच्या मॅनेजरचा फोन आला. मुलगी कशी आहे, घ्यावी का, एवढंच त्याला विचारायचं होतं. दादांनी नुसतं मोघम "ठीक आहे" म्हटलं असतं, तरी तिची नोकरी हुकून वर्ग वाचला असता. बायको आणि मी कान देऊन ऐकत होतो.

"मेट, शी इज बेटर दॅन मी," दादा म्हणाले. "आजच घेऊन टाक."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अरे दादा, आता वर्गाचं काय?"

"अगं, मुलं खाणीत जावीत म्हणूनच तर वर्ग काढला होता ना?"

मला या माणसाचा फार अभिमान वाटला. दादा मात्र आम्हाला सांगत राहिले, ती किती हुशार आहे, पहिल्या वर्षी कशी घाबरायची, आता कशी बोलते. मग त्यांनी हळूच विचारलं, "ती जाण्याआधी माझा शेवटचा तास तिलाच घ्यायला सांगू का? मी मागे बसून ऐकेन."